निंबोऱ्यांच्या सभेत कोण काय ऐकून आलं

त्या निवडणुकीत जिल्ह्यातल्या सगळ्या उमेदवारांनी मिशा वाढवल्या. साध्यासुध्या नव्हेत. वरचा ओठ पार झाकून खालच्या ओठावर उतरणाऱ्या, ताक पिताना गाळणीचं काम करतील अशा. ज्या बायका उमेदवार होत्या त्यांनी माईक तोंडासमोर आडवा धरायला सुरुवात केली. लोक म्हणाले, नवी फॅशन आली. लोकांना दर निवडणुकीत काहीतरी नवीन आल्यासारखं वाटतंच.

रंगनाथ मोटे गुरुजींना या मिशांकडे बघायचा उत्साह नव्हता. ही गोष्ट आजपासून दोन निवडणुका पुढची आहे, म्हणजे फार लांबची नाही. गुरुजींच्या निवृत्तीला सात महिने उरले होते आणि ही त्यांची नववी निवडणूक ड्युटी होती. नोकरीत त्यांनी माणसं मोजली होती, गुरं मोजली होती, एका वर्षी तर संडास आणि कोंबड्या एकाच फॉर्मवर मोजल्या होत्या. मधल्या काळात जमेल तशी चौथीची मुलंही शिकवली होती. या खेपेला त्यांना 'भाषण-निरीक्षक' केलं होतं. सभेत पुढच्या रांगेत टेबल टाकून बसायचं, उमेदवार कुणाच्या जातीवर, गावावर, जिवावर घसरला तर ते वाक्य शब्दाला शब्द उतरवायचं आणि प्रांत कचेरीत द्यायचं. गुरुजींचं शुद्धलेखन तालुक्यात प्रसिद्ध होतं, त्याची ही शिक्षा.

कागदावर लिहून घ्यायचं, कारण रेकॉर्डिंगला कुणी विचारत नव्हतं. काही वर्षांमागे एका हयात आमदाराचं, स्वतःच्याच दहाव्याला आलेल्या पाहुण्यांचे आभार मानणारं भाषण राज्यभर फिरलं होतं. आवाज त्याचा, चेहरा त्याचा, खाकरणंसुद्धा त्याचंच. आमदार जिवंत असूनही दोन दिवस लोक त्याच्या दारात हार घेऊन येत होते. तेव्हापासून कायदा झाला की यंत्रात टिपलेला आवाज पुरावा नाही. पुरावा म्हणजे माणसाचा कान. वेगवेगळ्या घरातल्या दोन माणसांनी, वेगवेगळ्या खोलीत बसून, उमेदवाराचं तेच वाक्य मागच्यापुढच्या वाक्यांसकट स्वतःच्या हातानं लिहायचं. दोन्ही कागद जुळले तर तक्रार उभी राहते. याला 'साक्षमेळ' म्हणत. कायदा चांगला होता. चांगले कायदे सरासरी तीन वर्षं टिकतात, हा तिसऱ्या वर्षात होता.

खैरगव्हाणच्या बाजारतळावर जयकरराव निंबोऱ्यांची सभा झाली. मांडव मोठा, छताला आतून काळ्या चौकोनी फळ्या ठोकलेल्या. मध्ये दोरी बांधून एका बाजूला पुरुष आणि एका बाजूला बायका. गुरुजींचा धाकटा भाऊ मधुकर दोरीच्या अलीकडं बसला होता. गुरुजींच्या पत्नी शेवंताबाई पलीकडं, दोरीला लागूनच. त्या एरवी सभांना जात नसत, पण जयकर हा गुरुजींचा जुना विद्यार्थी, चौथीत असताना त्यांच्या ओसरीवर बसून पिठलं-भाकरी खाल्लेला. पोरगं काय बोलतं ते बघून यावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

निंबोरे पाऊण तास बोलले. रस्ता करू, कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत नेऊ, शाळेला संरक्षक भिंत बांधू. विरोधकांचं नावसुद्धा नाही. गुरुजींनी अर्ध्या तासात पेनाला टोपण लावलं, मांडीवर हात ठेवले आणि पंख्याचा वारा घेतला. शेवटी फॉर्मवर 'आक्षेपार्ह काही आढळले नाही' असं लिहून सही केली. नऊ निवडणुकांत इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर शेवंताबाईंनी जेवायला वाढलं आणि स्वतः जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा हातात न देता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तिसऱ्या दिवशीही कट्ट्यावरच. गुरुजींनी आधी उन्हाला दोष दिला, मग तिच्या गुडघ्यांना. चौथ्या दिवशी त्यांनी सरळ विचारलं.

"तुम्ही लिहिलं न्हाई," शेवंताबाई म्हणाल्या.

काय लिहिलं नाही, हे गुरुजींना कळेना. तेव्हा शेवंताबाईंनी जयकरचं वाक्य म्हणून दाखवलं. आवाज न चढवता, तांदूळ निवडता निवडता. वसाहतीतल्या लोकांनी चाळीस वर्षं आपलं खाल्लं, आपल्या रानात घरं बांधली. ज्या धरणातून हे वर आले त्याच धरणात यांना एकदा नीट बुडवा, म्हणजे परत वर यायचे नाहीत.

आता हे वाक्य शेवंताबाईंच्या कानात कसं गेलं असेल ते समजायला एक गोष्ट सांगायला हवी. कालव्यापलीकडची वसाहत म्हणजे सोनवळ गावची माणसं. सोनवळ चाळीस वर्षांमागे धरणात गेलं आणि सरकारनं त्या लोकांना खैरगव्हाणच्या रानात आणून बसवलं. ज्यांचं रान गेलं ते अजून विसरले नव्हते, ज्यांचं गाव गेलं तेही. शेवंताबाई सोनवळच्या. चौदा वर्षांच्या असताना त्यांनी टेकडीवर उभं राहून आपल्या घराच्या कौलावर पाणी चढताना बघितलं होतं. पुढं सात वर्षांनी रंगनाथ मोटे नावाच्या तरुण मास्तरानं कालवा ओलांडून त्यांना मागणी घातली. दोन्हीकडच्या लोकांनी तोंड वाकडं केलं. त्या लग्नाला आता तेहतीस वर्षं झाली होती.

"असं काही तो बोलला नाही," गुरुजी म्हणाले. "मी समोर बसलो होतो. पेन हातात होतं."

"पेनाला टोपण लावलं तुम्ही. मी बघितलं. आन् मधुभाऊजी टाळ्या वाजवत हुते, ते बी बघितलं."

गुरुजींनी जनरेटरचा आवाज सांगितला. पंख्याची घरघर सांगितली. माणसाच्या मनात जे असतं ते कधी कधी कानात वाजतं, असंही सांगून बघितलं, आणि ते त्यांनी सांगायला नको होतं. शेवंताबाईंनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. बुडायचं कसं असतं ते मला मनातून ऐकायची गरज न्हाई, एवढं म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्यानंतर त्या गुरुजींशी बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, आदळआपट नाही. घरात दोन माणसं आणि एक घड्याळ, त्यातलं घड्याळ तेवढं बोलायचं.

गुरुजींना वाईट कशाचं वाटत होतं? बायको खोटं बोलत नाही हे त्यांना माहीत होतं. आपणही खोटं लिहिलेलं नाही हेही माहीत होतं. आणि दोन्ही एका वेळी खरं असायला जागा नव्हती. तेहतीस वर्षांच्या शेवटाला बायकोला वाटतंय की या माणसानं पेन्शनच्या काळजीपोटी माझं बुडणं कानाआड केलं. सात महिन्यांनी निवृत्त होऊन याच घरात, याच बाईसमोर, उरलेला जन्म काढायचा होता.

पुढच्या आठवड्यात निंबोऱ्यांची सभा पिंपळदरीला होती. त्या दिवशी सकाळी गुरुजींचा फोन धुण्याच्या बादलीत पडला. तो त्यांनी पुसून तांदळाच्या डब्यात पुरला आणि नुसतं पेन घेऊन ड्युटीला गेले.

त्या सभेत त्यांनी जे बघितलं ते सांगितलं तर थाप वाटेल. मांडवात भाषणच नव्हतं. पंखे फिरत होते, जनरेटर धडधडत होता, बांबू करकरत होते, आणि अडीच हजार माणसं शांत बसून ऐकत होती. मध्येच एका कोपऱ्यात सातआठ जण हसले. त्यांच्या शेजारचे हसले नाहीत, तर त्यांनी दात-ओठ खाल्ले. एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती आणि तिच्या पुढ्यातला माणूस त्याच क्षणी शिट्टी मारत होता. वाऱ्यानं ज्वारीचं रान हलतं ते एका दिशेला हलतं. इथं प्रत्येक कणसाला आपापला वारा होता.

गुरुजींना वाटलं, आपले कान गेले. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, अगदी स्टेजच्या कडेला. तेव्हा त्यांना निंबोऱ्यांचा खरा आवाज ऐकू आला, मिशांच्या आतून, हलकासा. हात हवेत, डोळे लाल, मूठ आवळलेली, आणि तोंडानं चाललं होतं: सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा सत्त्याशी येऊन गडी अडला, आवंढा गिळला, छातीवर हात मारला आणि सरळ अठरा एके अठरावर उडी मारली. समोर टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुजींना एवढ्या गोंधळातही लाज वाटली, कारण तो पाढा त्यांनीच शिकवलेला होता.

प्रांताधिकारी देवकाते बाई आधी इंजिनिअर झालेल्या आणि नंतर या लायनीत आलेल्या. गुरुजी त्यांच्यासमोर बसून घाम पुसत सगळं बोलले. बाईंनी त्यांना वेड्यात काढलं नाही, पाणी मागवलं आणि टेबलावरची बॅटरी हातात घेतली.

साधा आवाज जमिनीवर पाणी सांडावं तसा सगळीकडं पसरतो, त्या म्हणाल्या. पण माणसाला ऐकू येत नाही इतका बारीक आवाज जोरात सोडला तर तो असा जातो, आणि बॅटरीचा झोत त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मारला. त्या बारीक आवाजाच्या पाठीवर बोलणं लादायचं. वाटेतली हवा एवढा जोर जसाच्या तसा पुढं नेत नाही, थोडा मोडते, आणि त्या मोडण्यातून बोलणं बाहेर पडतं. झोतात ज्याचं डोकं असेल त्यालाच ते ऐकू येतं, शेजाऱ्याला नाही. ही युक्ती जुनी आहे, पूर्वी वस्तुसंग्रहालयात एकेका चित्रासमोर वापरायचे. नवं एवढंच की मांडवाच्या छतात रुपयाएवढी हजारो तोंडं बसवायची आणि प्रत्येकाला क्षणाच्या बारीक तुकड्यानं मागंपुढं बोलायला लावायचं. मग झोत हवा तसा वळतो, काही हलवावं लागत नाही. अडीच हजार माणसांना अडीच हजार झोत.

"आणि कोण कुठं बसलंय हे त्याला कसं कळतं?" गुरुजींनी विचारलं.

बाईंनी टेबलावरचा फोन नुसता बोटानं पुढं सरकवला. खिशातला फोन जागा सांगतो. त्यातलं कार्ड ज्याच्या नावावर, त्याची मतदारयादी, त्याचं वय, जात, गाव, त्यानं कुणाला कसले फोटो पाठवले, कशावर चिडला, सगळं मशीनला ठाऊक. प्रत्येकाला हवं ते भाषण उमेदवाराच्या आवाजात जागच्या जागी तयार होतं. उमेदवारानं नुसता जबडा हलवत राहायचा. पाढे त्याला बरे पडतात, ठेका मिळतो. ओठ वाचता येऊ नयेत म्हणून मिशा.

गुरुजी म्हणाले, मग धरा त्याला.

बाई दमल्यासारख्या हसल्या. या सीझनला असं सांगणारे गुरुजी चौथे होते. छत उतरवून बघितलं तर कंत्राटदार म्हणतो, साधे स्पीकर आहेत, म्हाताऱ्यांना नीट ऐकू यावं म्हणून. "पाढे म्हणणं हा गुन्हा नाही, गुरुजी. मला वाक्य पाहिजे. दोन घरांतून एकच वाक्य. आणि त्याच्या मांडवात दोन माणसांना एकच वाक्य ऐकूच येत नाही. त्यासाठीच तर हा सगळा खर्च केलाय त्यानं."

एस.टी.त खिडकीला डोकं टेकून गुरुजी परत निघाले. अर्ध्या वाटेत त्यांना प्रश्न पडला. मशीन ज्याला जे गोड लागेल ते ऐकवतं. मग वसाहतीतल्या बाईला वसाहत बुडवायचं वाक्य कसं ऐकवलं? मशीन इतकं मूर्ख नाही. त्यानं शेवंताला दुसरंच कुणीतरी समजलं असणार.

आणि मग त्यांना आठवलं. बारा वर्षांमागे शेवंताबाईंचं कार्ड घ्यायला ते दोघं दुकानात गेले होते. फॉर्ममध्ये जन्मगाव निवडायचं होतं. यादीत सोनवळ नव्हतं. बुडालेली गावं कुणीतरी यादीतून काढून टाकली होती, आणि जन्मगावाशिवाय मशीन पुढं जाईना. तीन हेलपाटे झाले. गुरुजी तेव्हा गुरं मोजत होते, त्यांना सवड नव्हती. त्यांनी मधुकरला सांगितलं, तुझ्या नावावर घेऊन टाक एक. मधुकर उदार माणूस. एका माणसाला नऊ कार्डं घेता यायची, त्यानं नऊच्या नऊ घेऊन एक स्वतःला ठेवलं होतं आणि बाकीची भावकीत आणि गल्लीत वाटली होती.

म्हणजे त्या दिवशी मांडवात नऊ मधुकर बसले होते, आणि त्यातला एक मधुकर लुगडं नेसून दोरीच्या पलीकडं होता.

मधुकरच्या वाट्याची दोन एकर वसाहतीत गेली होती. ते दुखणं त्यानं कळायला लागल्यापासून सांभाळलं होतं. गुरुजी त्याच्या मळ्यात गेले तेव्हा तो मोटारीचं स्टार्टर खोलून बसला होता. गुरुजींनी वाक्य म्हणून दाखवलं. मधुकर म्हणाला, हो, तेच बोलला, तुला ऐकू आलं न्हाई का. आणि त्यात एवढं काय, निवडणुकीत माणूस गरम बोलतो. तो काय खरंच कुणाला बुडवायला जाणार हाय का. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, दादा, चाळीस वर्षांत आमचं कुणी एवढं तरी बोललंय का.

गुरुजींनी त्याला छताचं सांगितलं, पाढ्यांचं सांगितलं. त्यावर तो मनापासून हसला. मग कार्डांचं सांगितलं. वहिनीच्या पिशवीतला फोन तुझ्या नावावर आहे.

हसणं थांबायला जरा वेळ लागला. मधुकरच्या हातात स्क्रू होता, तो त्यानं मातीत ठेवला, मग उचलून खिशात टाकला.

"म्हंजे वहिनीला?"

"सगळं. शेवटच्या शब्दापर्यंत. आणि तू टाळ्या वाजवत होतास ते दिसत होतं तिला. चार हातांवर बसली होती."

शेवंताबाई लग्न होऊन आल्या तेव्हा मधुकर बारा वर्षांचा होता, आई वारलेली. त्याला टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस भाताची पेज करून पाजणारी हीच. मधुकर उठून पाटाच्या पाण्यात हात धुऊन आला. मग पुढचं काय ते त्यानंच विचारलं. गुरुजींनी काही झाकलं नाही. साक्षमेळाच्या फॉर्मवर फोनचा नंबर लिहावा लागतो. नंबर शेवंताचा आणि नाव मधुकरचं, हे तिथंच उघडं पडणार. दुसऱ्याला कार्ड देणाऱ्याला दोन वर्षं कुठल्याच नावानं फोन बाळगता येत नाही. त्या काळात फोन नाही म्हणजे रेशन नाही, बँक नाही, कारखान्याची ऊसतोडीची चिठ्ठी नाही. माणूस चालता-बोलता यादीतून गळायचा. दुसऱ्याचं कार्ड वापरणारालाही सहा महिने तीच गत.

"बाकीचे सात जण?"

गुरुजी त्या सातांकडं आधीच जाऊन आले होते. सगळ्यांना त्या दिवशी सर्दी होती आणि कानांना दडे बसले होते.

मधुकरनं स्टार्टर पुन्हा मांडीवर घेतलं. गुरुजी निघाले तेव्हा तो पाठीमागून म्हणाला, "दादा, मला गोवू नगं. ऊस उभा हाय." ते बरोबरच होतं. गुरुजी भाऊ होते, त्यांना ऊस दिसत होता.

घरी येऊन त्यांनी शेवंताबाईंना सगळं सांगितलं. चुलीकडं तोंड करून त्यांनी ऐकलं. तू म्हणत होतीस ते खरं होतं, मी तुला खोटं पाडलं, हेही गुरुजी बोलले. हे बोलायला सोपं जात नाही, विशेषतः ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई वापरलीय त्याला. शेवंताबाई एवढंच म्हणाल्या, मी लिहून देते. पण चहा कट्ट्यावरच राहिला.

ठरलेल्या दिवशी दोघं प्रांत कचेरीत गेले. शेवंताबाई सातवी शिकलेल्या. एका खोलीत बसून त्यांनी मोठ्या, सुट्या अक्षरांत दीड पान लिहिलं. दुसरी खोली रिकामी होती. देवकाते बाई घड्याळाकडं बघत होत्या. एकच कागद असला तर तो फायलीत जाणार आणि शेवंताबाईंचा फोन तेवढा बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. निंबोऱ्यांचा वकील कॉरिडॉरमध्ये वडा खात होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती.

साडेबाराला मधुकर आला. पायजम्याला गाळ तसाच, उसाला पाणी सोडून आलेला. कुणाकडं न बघता तो दुसऱ्या खोलीत गेला. लिहायची सवय नाही, त्यामुळं पाऊण तास लागला. मध्ये एकदा दार किलकिलं करून त्यानं गुरुजींना बोलावलं.

"वाक्य लिवलंय. मागचं-पुढचं बी लिवलंय. खाली इचारलंय, ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया काय झाली. ते सोडलं तर चालतंय का?"

गुरुजी निरीक्षक होते आणि भाऊही होते. चालतंय म्हणायला त्यांचं काही जाणार नव्हतं, साक्षमेळाला तेवढी ओळ लागतही नव्हती. पण ते गप्प राहिले. मधुकरनं त्यांच्याकडं बघितलं, दार लोटून घेतलं आणि आत जाऊन ती ओळ भरली. 'मी टाळ्या वाजवल्या. वहिनीने बघितले.'

दोन कागद समोरासमोर ठेवले तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला. सतरा वाक्यं, आणि बुडवायच्या वाक्यात एका काना-मात्रेचाही फरक नाही. वकिलानं अर्धा वडा कागदात गुंडाळला.

यातून काय झालं म्हणाल तर जे होतं तेच झालं. निंबोऱ्यांना अठ्ठेचाळीस तास भाषणबंदी झाली. त्यांनी खुलासा काढला की माझ्या बोलण्याचा विपर्यास केला, आणि तो खुलासाही प्रत्येकाला वेगळा गेला. अठ्ठेचाळीस तास ते स्टेजवर हात जोडून नुसते बसले. त्या सभांना सगळ्यात जास्त गर्दी झाली, आणि फार छान बोलले, असं म्हणत लोक घरी गेले. शेवटी ते पडले. जे निवडून आले त्यांच्या मांडवाचं छतही काळ्या फळ्यांचंच होतं, फक्त त्यांच्या मतदारांत कुणी नऊ कार्डं वाटलेली नव्हती. मधुकरचा ऊस त्या वर्षी चिठ्ठीअभावी उशिरा तुटला आणि वाळून हलका झाला. त्यानं त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही.

पण निकाल लागला त्या दुपारी आणखी एक गोष्ट झाली होती. देवकाते बाईंनी कंत्राटदाराकडून खैरगव्हाणच्या सभेची मशीनची नोंद जप्त करून घेतली होती. साक्षीदारांना आणि निरीक्षकाला आपापला कागद बघायचा हक्क होता. बाईंनी गुरुजींच्या हातात दोन पानं दिली. एक गुरुजींचं स्वतःचं. दुसरं, शेवंताबाईंचं कार्ड त्यांच्या नावावर असतं तर त्यांना जे ऐकवलं गेलं असतं त्याचं. मशीननं वसाहतीतल्या बायकांसाठी ते तयार ठेवलं होतं.

कचेरीबाहेर एस.टी.च्या थांब्यावर दोघं सिमेंटच्या बाकावर बसली. मधुकर आधीच कुणाच्या तरी मोटरसायकलवरून निघून गेला होता. शेवंताबाईंनी चष्मा आणला नव्हता.

"वाचा," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी वर्गात धडा वाचावा तसं वाचलं. खैरगव्हाणकरांनी चाळीस वर्षं तुम्हाला भिकाऱ्यासारखं वागवलं. तुमच्या लेकी सुना म्हणून नेल्या आणि मोलकरणीसारख्या राबवल्या. एकदा सत्ता द्या, त्यांची घरं त्यांच्याच अंगावर पाडतो, आणि त्या ढिगाऱ्यावर तुमचं सोनवळ उभं करतो. पुढं आणखी होतं. गुरुजींनी काही गाळलं नाही.

शेवंताबाई रस्त्याकडं बघत होत्या. एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ त्यांनी पदरानं तोंडावरून झटकली.

"हे ऐकलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या का?"

नाही असं म्हणायला गुरुजींचं तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

शेवंताबाईंनी मान हलवली. उत्तर त्यांना पटलेलं दिसलं. "आता तुमचा वाचा."

गुरुजींचा कागद जवळजवळ कोरा होता. वर मशीननं त्यांच्याविषयी केलेली टीप होती, ती त्यांनी आधी मनात वाचली आणि मग, वाचा म्हटलंय म्हणून, मोठ्यानं. मोटे रंगनाथ, वय सत्तावन्न, निरीक्षक. निवृत्तीस सात महिने. पत्नी वसाहतीची, भावाची जमीन वसाहतीत. दोन्ही बाजूंचा त्रास नको आहे. काहीही न ऐकायला मिळाल्यास समाधानी. त्याखाली तीन शब्द: रस्ता, पाणी, भिंत.

गुरुजींना वाटत आलं होतं की आपल्याला सरकारी म्हणून साधं भाषण दिलं असेल. पण नाही, त्यांच्यासाठीही खास बनवलं होतं, तितक्याच मेहनतीनं. ते कागदाची घडी घालत राहिले, चौपदरी, आठपदरी, आणखी घडी बसेना तोपर्यंत.

"तुमचंच सगळ्यात वाईट निघालं," शेवंताबाई म्हणाल्या. "आम्हाला निदान पेटवावं लागलं त्यास्नी. तुम्हाला नुसतं थोपटलं."

लांबून एस.टी. येताना दिसली. शेवंताबाईंचा गुडघा धरला होता. उठताना आधाराला त्यांनी हात पुढं केला, आणि गुरुजींचं लक्ष नाही असं बघून म्हणाल्या, "धरा की."